मेलेल्याच्या तोंडून गोष्ट: मृत निवेदकाची उपरोधिक कथा कशी लिहावी

मेलेला माणूस स्वतःची गोष्ट सांगतोय, ही कल्पना सुचायला सोपी आणि निभावायला फार अवघड. पहिलं पान झकास जमतं. 'काल दुपारी मी गेलो' असं वाक्य पडतं, वाचणारा सावरून बसतो, आणि तिसऱ्या-चौथ्या पानावर लिहिणाऱ्याच्या लक्षात येतं की या माणसाला आता करण्यासारखं काही उरलेलंच नाही. त्याला कोणी मारू शकत नाही, भूक लागत नाही, उद्याची चिंता नाही. गोष्ट तिथेच बसकण मारते. मग लेखक एक तर स्वर्ग-नरकाची वर्णनं करत सुटतो, नाहीतर जीवनाचं सार सांगायला लागतो. दोन्हींनी कथा मरते.

या अडचणीतून वाट काढलेल्या कथा-कादंबऱ्या जगात बऱ्याच आहेत, मराठीतही एक अस्सल नाटक आहे. त्या पुन्हापुन्हा वाचल्यावर मला त्यांच्यात एक समान गोष्ट दिसते आणि हा सगळा लेख तिच्यावरच उभा आहे: मेल्यावर माणसाची लाज सुटते, पण हाव सुटत नाही. लाज सुटल्यामुळे तो खरं बोलतो, आणि हाव न सुटल्यामुळे त्याच्याकडे बोलण्यासारखं काही असतं. यातलं एक जरी नसलं तरी कथा लंगडते.

मराठी वाचकाला मेलेल्याचा आवाज नवा नाही. 'आपुले मरण पाहिले म्यां डोळां, तो जाला सोहळा अनुपम्य' हे तुकोबांनी सतराव्या शतकात म्हणून ठेवलंय. मात्र तिथे उपरोध नाही, कारण तिथे हाव संपलेली आहे. सगळं सुटलं म्हणून तो सोहळा झाला. भा. रा. तांब्यांच्या 'जन पळभर म्हणतील हाय हाय' मध्ये बोलणारा अजून जिवंत आहे आणि आपल्यावाचून जगाचं काही अडणार नाही हे त्याला सलतंय. आपल्याला हवा आहे तो या दोघांच्या मधला माणूस: मेलेला, पण न सुटलेला.

लेखात मी एक उदाहरण सोबत घेऊन चालणार आहे, म्हणजे प्रत्येक पायरी हातात धरता येईल. एक काकू. वय एकाहत्तर, दोन मुलगे, सुना, एक नात. काकू गेल्या आहेत आणि गोष्ट त्या सांगताहेत.

पहिली पायरी: आधी निवेदक जिवंत ठेवून लिहून बघा

मृत निवेदक घ्यायचं ठरवण्याआधी तीच गोष्ट जिवंत माणसाच्या तोंडून एक पानभर लिहा. काकू आजारी आहेत, कॉटवर पडून घरातलं बोलणं ऐकताहेत, असं. हे पान चांगलं उतरलं आणि काही कमी वाटलं नाही, तर काकूंना मारायची गरज नाही. जिवंत काकूंची कथा लिहा, ती जास्त बरी होईल.

काही कमी वाटलं तर नेमकं काय ते शोधा. माझ्या मते दोनच उत्तरं खरी असतात. एक, जिवंत माणूस जे बोलूच शकत नाही ते बोलायचं आहे. दुसरं, माणूस गेल्यावरच जे घडतं (कपाट उघडणं, वाटण्या, दहावा, शोकसभा) ते त्याच्याच नजरेतून दाखवायचं आहे. 'वाचकाला धक्का बसेल' हे तिसरं उत्तर येत असेल तर थांबा. धक्का एकदाच बसतो आणि त्यासाठी बांधलेली अख्खी कथा दुसऱ्या वाचनात कोसळते.

दुसरी पायरी: मेल्याचं कधी सांगायचं ते ठरवा

तीन जागा आहेत: सुरुवात, मध्य, शेवट.

शेवटी सांगण्याचं उत्तम उदाहरण म्हणजे आयरिश लेखक फ्लॅन ओब्रायनची 'द थर्ड पोलिसमन' ही कादंबरी. ती लिहून झाली १९४० च्या सुमाराला, छापली गेली १९६७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर. आपण मेलोय हे निवेदकालाच ठाऊक नाही. तिथे ते शोभतं, कारण विचित्र पोलीस, सायकली, उलटसुलट भूगोल हे सगळं आधीपासून इतकं वाकडं आहे की शेवटी कळल्यावर मागचं प्रत्येक पान सरळ होतं.

मध्यावर सांगितलं ते मेक्सिकोच्या हुआन रुल्फोने, १९५५ सालच्या 'पेद्रो पारामो'त. आईला मरताना दिलेल्या शब्दाखातर हुआन प्रेसियादो बापाच्या शोधात कोमाला या गावी येतो. तिथे भेटणारी माणसं एकेक करून मेलेली निघतात. निम्म्या वाटेवर कळतं की आपल्याशी बोलणारा हुआनही आता थडग्यातून, त्याच थडग्यात पुरलेल्या दोरोतेआशी बोलतोय. कुजबुजींनी मला मारलं, असं तो सांगतो. हे धाडस पेलतं, कारण त्या कादंबरीत जिवंत आणि मेलेले यांच्यात मुळात भिंतच ठेवलेली नाही.

उपरोधिक कथेसाठी मात्र पहिल्या वाक्यातच सांगावं असं माझं ठाम मत आहे. रहस्य ठेवलं की वाचक पुरावे गोळा करत बसतो. रहस्य फोडून टाकलं की तो माणसांकडे बघायला लागतो, आणि उपरोधाला नेमकं तेच हवं असतं. तुर्कस्तानच्या ओरहान पामुकच्या १९९८ सालच्या 'माय नेम इज रेड' या कादंबरीचं पहिलंच प्रकरण विहिरीच्या तळाशी पडलेल्या प्रेताच्या तोंडी आहे. खुनी कोण हे पुढे शोधायचं आहेच, पण बोलणारा मेलाय यात काही लपवलेलं नाही.

आता या पायरीवरचा वस्तुपाठ. ब्राझीलचा माशादो द असिस याची 'ब्रास कुबासच्या मरणोत्तर आठवणी' ही कादंबरी. १८८० मध्ये ती मासिकातून क्रमशः आली, १८८१ मध्ये पुस्तक झालं. अर्पणपत्रिका आहे आपलं प्रेत पहिल्यांदा कुरतडणाऱ्या किड्याला. मग पहिलं प्रकरण. १८६९ चा ऑगस्ट, शुक्रवार, दुपारचे दोन, रिओच्या कातुंबी भागातलं घर. वय चौसष्ट, लग्न केलेलं नाही, मालमत्ता सुमारे तीनशे कोंतो, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने गडगंज. दफनाला अकरा मित्र. पाऊस भुरभुरत होता, आणि त्यातला एक मित्र थडग्याशी उभा राहून भाषण करतो: या थोर माणसाच्या जाण्याने निसर्गही रडतो आहे. यावर ब्रास म्हणतो, किती भला, किती विश्वासू मित्र! त्याच्या नावावर वीस रोखे ठेवून गेलो याचा मला पश्चात्ताप नाही.

या तुकड्याची बांधणी नीट बघा. आधी कोरडे आकडे, जणू नगरपालिकेची नोंद. मग पाऊस. मग भाषण, ज्यात त्याच पावसाचे अश्रू होतात. आणि सगळ्यात शेवटी रोखे. रोखे भाषणाच्या आधी आले असते तर सगळी गंमत गेली असती. मित्र लबाड आहे असं ब्रास कुठेही म्हणत नाही, उलट त्याला भला म्हणतो. वाचकाने स्वतःच हिशोब जुळवायचा. तुमच्या कथेतही हाच क्रम ठेवून बघा: नोंद, दृश्य, गोड शब्द, पैसा.

तिसरी पायरी: मेलेल्याला एक क्षुल्लक हाव द्या

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला.

ब्रास कुबास मेला तो एका लेपाच्या नादात. माणसाची उदासी घालवणारा लेप शोधून काढायचा त्याने ध्यास घेतला होता, त्यातच वाऱ्याची झुळूक लागली, न्यूमोनिया झाला. मित्रांना तो सांगत असे की हे मानवजातीच्या भल्यासाठी आहे, आणि पैसेही मिळतील. मेल्यावर कबूल करतो की खरी ओढ वेगळीच होती: वर्तमानपत्रांत, दुकानांत, जाहिरातींवर, नाक्यानाक्यावर आणि औषधाच्या डबीवर आपलं नाव छापलेलं बघायचं होतं. अख्ख्या आयुष्याची हाव डबीवरच्या नावाएवढी.

आयर्लंडच्या मार्टिन ओ कायन याची १९४९ सालची आयरिश भाषेतली 'क्रे ना किले' ही कादंबरी कोनेमारातल्या एका दफनभूमीत घडते. कातरिना नावाची म्हातारी नुकतीच पुरली गेली आहे. शुद्धीवर येताच तिचा पहिला प्रश्न: मला पौंडाच्या जागेत पुरलंय की पंधरा शिलिंगांच्या? की अर्ध्या गिनीच्या जागेत टाकून दिलं मेल्यांनी? तिला देव आठवत नाही, स्वर्ग आठवत नाही. तिला हवी आहे महागातली जागा, वर चांगल्या दगडाचा क्रूस, आणि वर जिवंत असलेल्या बहिणीचं वाटोळं. एवढ्या भांडवलावर ती तीनशेच्या वर पानं भांडते आणि वाचणारा कंटाळत नाही.

सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण' या नाटकात (१९७४) भाऊराव मेले आहेत आणि त्यांना हवंय फक्त जुन्या स्मशानात जळणं. जुनं स्मशान बंद झालेलं आहे. बस, एवढाच हट्ट. पण त्या हट्टापायी प्रेत घरात राहतं, मुलगा नाना हैराण होतो, चाळ हैराण होते, आणि चाळीतल्या शोकाच्या सगळ्या ठरीव रीती उघड्या पडतात.

हिंदीतली हरिशंकर परसाईंची 'भोलाराम का जीव' आपल्याकडेही ओळखीची आहे. निवृत्तीनंतर पाच वर्षं पेन्शनसाठी खेटे घालून भोलाराम मेला. त्याचा जीव यमदूताच्या हातून निसटला तो पेन्शनच्या फायलीत जाऊन अडकला. नारद त्याला स्वर्गात न्यायला येतात तर तो यायला तयार नाही, अर्जांत गुंतलोय म्हणतो. फाईल हलावी म्हणून नारदांना स्वतःची वीणा 'वजन' म्हणून ठेवावी लागते.

डबीवरचं नाव, पौंडाची जागा, जुनं स्मशान, पेन्शनचा कागद. देश तीन, भाषा चार, खंड तीन, आणि हाव सगळीकडे हातात मावेल एवढीच. हाव मोठी ठेवली (न्याय, सूड, मुलांचं भलं) की निवेदक आदरणीय होतो, आणि आदरणीय माणसाच्या तोंडी उपरोध नीट बसत नाही. लहान हाव वाचकाला ओळखीची वाटते. त्याला मनातल्या मनात स्वतःची एखादी आठवते.

हाव निवडताना तीन गोष्टी तपासा. ती वस्तू किंवा जागा डोळ्यांसमोर उभी राहते का? ती जिवंत माणसांच्या हातात आहे का? आणि ती मागायची निवेदकाला जिवंतपणी लाज वाटत होती का? तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा.

काकूंना मी दिलंय पितळी पुरणयंत्र. माहेरून आणलेलं. बत्तीस वर्षांपूर्वी जाऊबाईंनी एका होळीला मागून नेलं, परत केलं नाही. दरवर्षी काकूंनी मागायचं ठरवलं आणि दरवर्षी 'एवढ्यासाठी काय तोंड उघडायचं' म्हणून गप्प बसल्या. तिन्ही अटी पुऱ्या होतात.

चौथी पायरी: मेलेल्याला काय दिसतं, काय दिसत नाही

सगळं दिसणारा मृत निवेदक हा आळशी लेखकाचा निवेदक असतो. नियम आखा, आणि लिहायला बसण्यापूर्वी कागदावर उतरवा.

ओ कायनचा नियम विलक्षण आहे. थडग्यातल्यांना वरचं काहीही दिसत नाही. बातमी कळायची तर नवीन कोणीतरी मरून खाली यायला हवं. त्यामुळे प्रत्येक नव्या प्रेताभोवती सगळे तुटून पडतात: माझ्या मुलाचं लग्न झालं का, माझ्या क्रूसाचं काय झालं, दावा कोण जिंकलं? आणि येणारा प्रत्येक जण आपल्या सोयीचं तेवढंच सांगतो. एका बंधनातून अख्ख्या कादंबरीचा आकार निघाला. संवादांखेरीज तिच्यात काही नाही.

दस्तयेव्स्कीच्या 'बोबोक' (१८७३) या छोट्या कथेत नियम वेळेचा आहे. मेल्यावर शुद्ध दोन-तीन महिने टिकते, क्वचित सहा. एक जण तर इतका कुजलाय की सहा आठवड्यांतून कधीतरी एखादा निरर्थक शब्द पुटपुटतो, तोच हा 'बोबोक'. असा उरलेला वेळ मिळाल्यावर ही मंडळी काय करतात? लाज टाकून एकमेकांना आपापली पापं सांगायचं ठरवतात, मजा म्हणून. हक्काची शेवटची संधी आणि तिचा हा वापर. यापेक्षा कठोर टीका मला दुसरीकडे वाचल्याचं आठवत नाही.

श्रीलंकेच्या शेहान करुणातिलक यांच्या 'द सेव्हन मून्स ऑफ माली अल्मेडा'ला २०२२ चं बुकर मिळालं. त्यात १९९० च्या कोलंबोत मारल्या गेलेल्या छायाचित्रकाराला सात चंद्रांची, म्हणजे सात रात्रींची मुदत आहे. परलोक म्हणजे रांगा आणि खिडक्या असलेलं सरकारी कार्यालय. भुतांना हवं तिथे जाता येत नाही, जिथे आपला देह जाऊन आलाय किंवा जिथे आपलं नाव निघतंय तिथेच जाता येतं. नाव निघाल्यावर तिथे पोचणं, ही युक्ती उचलण्यासारखी नाही, ती त्यांची आहे. पण त्या जातीचा नियम आपापल्या कथेसाठी शोधता येतो.

काकूंसाठी माझे नियम: मुदत दहा दिवस. दिसतं सगळं, पण कोणाच्या मनातलं ऐकू येत नाही, फक्त तोंडाने बोललेलं. आणि काकूंकडे बोलण्याचं एकच साधन आहे, दहाव्याला पिंडाला शिवणारा किंवा न शिवणारा कावळा. हे साधन मी शोधलेलं नाही, ते आपल्या घाटांवर रोज चालू आहे.

पाचवी पायरी: आवाजाला जिवंतांचा एखादा घाट द्या

मेलेला माणूस कोणाशी आणि कोणत्या रीतीने बोलतोय हे ठरलं नाही तर आवाज हवेत तरंगतो. माशादोने आत्मचरित्राचा घाट, म्हणजे सांगण्याचा साचा, घेतला, ओ कायनने पारावरच्या भांडणाचा. आळेकरांनी कीर्तनाचा घेतला आणि ते किती अचूक होतं बघा. कीर्तनात बुवा श्रोत्यांशी थेट बोलतो, मध्येच गातो, मध्येच आख्यान लावतो, गंभीर विषयात विनोद करतो आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. मेलेल्या भाऊरावांना प्रेक्षकांशी बोलायला वेगळा बहाणा लागतच नाही. खांदेकऱ्यांतला 'डावीकडून तिसरा' विधवेच्या मनात भरतो, हेही त्या नाटकात टाळ-मृदंगाच्या सुरात पचतं. साध्या वास्तववादी नाटकात ते नुसतं भडक झालं असतं.

मराठीत असे घाट भरपूर पडून आहेत: भारूड, पोवाडा, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, तलाठ्याकडचा वारसनोंदीचा अर्ज, चौकातला 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स, आणि वर्तमानपत्रातली निधनवार्ता. निधनवार्तेवर एक सराव सुचवतो. आपल्या निवेदकाची ठरीव भाषेतली वार्ता लिहा. 'यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्या मनमिळाऊ व परोपकारी स्वभावामुळे सर्वांना परिचित होत्या. त्यांच्या पश्चात दोन मुले, सुना, नात असा परिवार आहे.' मग एकेका शब्दावर मृताला बोलू द्या. मनमिळाऊ? वृद्धापकाळाने? परोपकारी, म्हणजे कोणावर? दोन तासांत तुम्हाला निवेदकाचा आवाज सापडेल आणि कथेतले निम्मे प्रसंगही.

एक सूचना काळाबद्दल. हयातीतलं भूतकाळात ठेवा, मेल्यानंतरचं आपल्याला जमेल त्या एका काळात, पण मध्येच बदलू नका. वाचकाला 'आता हे कधीचं?' असा प्रश्न पडला की उपरोधाची धार जाते.

सहावी पायरी: मेल्याने माणूस शहाणा होत नाही

नवख्या लेखकाची इथे सर्वात मोठी फसगत होते. मृत्यूनंतर निवेदकाला सगळं उमजलंय, तो आता वरून सगळ्यांना हसतोय, अशी मांडणी केली की कथा प्रवचन होते. लाज गेली म्हणजे आंधळेपणाही गेला असं नाही. निवेदकाला जे जिवंतपणी दिसलं नाही, ते मेल्यावरही दिसू नये. वाचकाला मात्र दिसावं.

पुन्हा ब्रास कुबासकडे जाऊ. लहानपणी घरात प्रुदेन्सियो नावाचा गुलाम मुलगा होता. ब्रास त्याला घोडा करायचा, तोंडात दोरीचा लगाम, पाठीवर छडी. पोर कण्हलं की ब्रास ओरडायचा, गप्प बस, जनावरा! पुढे बापाने प्रुदेन्सियोला मुक्त केलं. बऱ्याच वर्षांनी रिओच्या वालोंगो भागात, जिथे गुलामांचा बाजार भरत असे, ब्रासला गर्दी दिसते. एक काळा माणूस दुसऱ्या काळ्या माणसाला चाबकाने फोडतोय. मार खाणारा गयावया करतो, आणि उत्तर येतं: गप्प बस, जनावरा! मारणारा प्रुदेन्सियोच आहे. त्याने स्वतः गुलाम विकत घेतलाय. ब्रास म्हणतो, सोड त्याला. प्रुदेन्सियो लगेच सोडतो: मालकांनी मागायचं नसतं, हुकूम करायचा.

ब्रास तिथून निघतो आणि त्याला हा प्रसंग वर वर भयंकर, पण आतून मजेदार वाटतो: खाल्लेला मार दुसऱ्याला देऊन टाकायची ही प्रुदेन्सियोची रीत, वा! पहिला मार कोणी दिला, हे काही त्याला छळत नाही. तेच तीन शब्द बालपणी त्याच्या तोंडी होते याचा उल्लेखही तो करत नाही. ते शब्द माशादोने दोन प्रकरणांत ठेवले आहेत आणि मध्ये पन्नासांहून जास्त प्रकरणं जाऊ दिली आहेत. वाचकाला आठवलं तर त्याचा हात थरथरतो. ब्राझीलमध्ये गुलामी कायद्याने संपली १८८८ मध्ये, पुस्तक आलं १८८१ मध्ये, आणि लिहिणाऱ्याच्या वडिलांकडचे आजीआजोबा गुलामीतून सुटलेले होते. त्याने मालकाच्या तोंडात लेखणी दिली, मालकाला मरू दिलं, आणि तरीही त्याला काही कळू दिलं नाही. मृत निवेदकाचा याहून मोठा उपयोग मला माहीत नाही.

तुमच्या कथेत ही जागा मुद्दाम ठेवा. काकूंचं उदाहरण घेतलं तर: पुरणयंत्रावरून जाऊबाईंना बत्तीस वर्षं मनात बोलणाऱ्या काकूंनी, भांड्यांना येणाऱ्या बाईचा पगार दर दिवाळीला पुढच्या वर्षावर ढकललेला असू शकतो. काकू ते सहज सांगून जातील, एका वाक्यात, काटकसरीचा पुरावा म्हणून. तुम्ही त्यावर काही बोलायचं नाही. फक्त ती बाई दहाव्याला घाटावर आलेली दाखवायची.

सातवी पायरी: उपरोध कोणावर, आणि शोकाची एक जागा

उपरोध शोकावर करू नका. शोकाच्या देखाव्यावर करा. यातली रेघ बारीक आहे आणि ती ओलांडली की वाचक कायमचा दुरावतो. कथेत एक तरी खरं दुःख असू द्या, ज्याला निवेदक हात लावत नाही.

माशादोने हे कसं केलं बघा. ब्रासचं ज्या मुलीशी लग्न ठरत आलंय, ती पिवळ्या तापाने जाते. त्या प्रकरणात फक्त तिच्या थडग्यावरचा लेख आहे: नाव, एकोणीस वर्षांची, तिच्यासाठी प्रार्थना करा. एवढा बडबड्या निवेदक, आणि इथे एक शब्द नाही. पुढच्या प्रकरणात मुलीचा बाप भेटतो. तो कोसळलेला आहे, पण त्याला आणखी एक डाचतंय: ऐंशी निमंत्रणं पाठवली होती, अंत्ययात्रेला माणसं आली बारा. दुःख आणि प्रतिष्ठा एकाच माणसात, एकाच श्वासात. बापावर हसूही येतं आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटतं.

धर्मविधींबद्दल लिहिताना हेच भान ठेवा. घाटावर पोटासाठी बसलेला गुरुजी हे सोपं लक्ष्य आहे, म्हणूनच टाळा. घड्याळ बघणारा कोण, वाटणीचं बोलणं काढणारा कोण, फोटो कुठला लावायचा यावर अडून बसणारा कोण, तिकडे बघा. आणि घरातल्या नुकत्याच झालेल्या मृत्यूवर लिहीत असाल तर तपशील बदला. माणसं स्वतःला ओळखतात, आणि त्यांचं दुःख अजून ओलं असतं.

आठवी पायरी: कळीचा प्रसंग लिहा

आता सगळं एकत्र. काकूंचा दहावा. मी तो असा सुरू करीन:

'पिंड ठेवला आणि सगळे मागे सरले. कठड्यावर दोन कावळे बसलेले. थोरला पुढे झाला, म्हणाला, आई, घर विकणार नाही, काळजी करू नकोस. कावळा हलला नाही. मला घराचं काही नव्हतं, पावसाळ्यात स्वयंपाकघर गळतं, विका खुशाल. मग धाकटा आला. आई, दादाशी भांडणार नाही. हे तो गेल्या गणपतीतही म्हणाला होता. सून म्हणाली, तुमच्या पाटल्या नातीलाच देऊ. चांगली आहे हो पोरगी, पण तिच्या मागे, छत्रीच्या सावलीत, जाऊबाई उभ्या होत्या. डोळ्यांना पदर लावून. त्यांच्या माळ्यावर, निळ्या पत्र्याच्या ट्रंकेत, माझं पुरणयंत्र आहे.'

या तुकड्यात काय काय वापरलंय ते तपासून बघा. हाव शेवटच्या वाक्यात आली, तीही नेमक्या जागेसकट. प्रत्येक वचन वचन देणाऱ्याबद्दलच काही सांगतं: थोरल्याच्या मनात घर विकायचं आहे, धाकट्याच्या मनात भांडण. सुनेचं बोलणं खरं आहे, ते खरंच ठेवलं. काकू कोणालाही वाईट म्हणत नाहीत. आणि वाचकाला आता एकच गोष्ट हवी आहे: कोणीतरी 'पुरणयंत्र' म्हणा.

ते कोणी म्हणू नये. जाऊबाई पुढे येऊन काहीतरी म्हणतील, आणि ते यंत्राच्या अगदी जवळ जाऊन चुकेल. 'वहिनी, तुमच्या हातची पुरणपोळी विसरणार नाही,' एवढंच. एक कावळा पंख हलवील. मग बसून राहील.

नववी पायरी: शेवट

मृत निवेदकाच्या कथेला मृत्यू हा शेवट म्हणून वापरता येत नाही, तो आधीच खर्च झालेला असतो. मुक्ती हा शेवटही वापरू नका, कारण हाव सुटली की तुमचा आवाजच थांबतो. मला तीन शेवट विश्वासाचे वाटतात.

पहिला, हाव तशीच राहते आणि निवेदक जायलाच नकार देतो. परसाईंचा भोलाराम हा त्याचा नमुना. दुसरा, जमाखर्च. ब्रास शेवटच्या प्रकरणात काय काय झालं नाही याची यादी देतो: लेप झाला नाही, मंत्री झालो नाही, लग्न झालं नाही. मग शिल्लक म्हणून सांगतो की मूल झालं नाही, म्हणजे आपल्या दुर्दशेचा वारसा कोणाला दिला नाही. तिसरा, जग मृताची इच्छा न विचारताच काम उरकून घेतं.

काकूंना तिसरा शोभतो. ऊन चढतं, मागे दुसऱ्या घरची मंडळी पिंड घेऊन खोळंबली आहेत, पुण्याला जाणाऱ्यांची गाडी आहे. अशा वेळी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायची सोय शास्त्रात आहेच. तो लावला जातो. विधी पुरा होतो, कोणाचीही चूक नसते, सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि चहाचं विचारतात. काकूंचं शेवटचं वाक्य यंत्राबद्दलच असावं आणि व्यावहारिक असावं. 'त्याची मधली चाळणी सैल आहे, घट्ट बसवून मग फिरवा, नाहीतर डाळ तशीच खाली पडते.' इथे थांबा.

दहावी पायरी: दुसरा खर्डा

पहिला खर्डा झाल्यावर पंधरवडाभर बाजूला ठेवा. मग मोठ्याने वाचा, शक्यतो दुसऱ्या कोणाला तरी. वाचताना लाल पेन्सिलने तीन प्रकारची वाक्यं खोडा. 'आता मला कळलं की' ने सुरू होणारी सगळी. आयुष्य, मृत्यू, माणूस यांच्याबद्दल सरसकट काही सांगणारी सगळी. आणि निवेदकाला स्वतःच्याच विनोदावर हसू आलंय असं वाटणारी सगळी. यात पाव कथा गेली तरी घाबरू नका.

मग नियमांचा कागद काढा आणि ताडून बघा. काकूंना मनातलं ऐकू येत नाही असं ठरलंय ना? तर 'धाकट्याला वाटलं' असं कुठे निसटलंय का? असं एक जरी वाक्य राहिलं तरी सजग वाचक ते पकडतो आणि पुढे काकूंवर विश्वास ठेवत नाही.

लांबीचं म्हणाल तर हा घाट पहिल्या प्रयत्नात दहा-बारा पानांच्या आत ठेवा. वाचनासाठी 'महानिर्वाण' मराठीत आहे, शक्य झाल्यास प्रयोगही बघा, कारण कीर्तन कागदावर निम्मंच कळतं. परसाई मूळ हिंदीतच वाचा. ब्रास कुबासची इंग्रजी भाषांतरं एकाहून अधिक आहेत, ओ कायनची दोन २०१५ आणि २०१६ मध्ये लागोपाठ आली. या सगळ्यांतून आधी एकच निवडायचं तर मी ब्रास कुबास हातात देईन. प्रकरणं इवलीइवली आहेत, एकशे साठ. रोज चार वाचली तर चाळीस दिवसांत होईल, आणि प्रत्येक प्रकरणानंतर वहीत एवढंच लिहा: या पानावर त्याने काय कबूल केलं, आणि काय त्याला अजून दिसलेलं नाही.